मधाच्या रंगाचं तेल

१

पिकअपच्या मागच्या एक्सलचं बूच मी स्वतः फिरवून काढलं, खाली पातेलं धरलं आणि उकिडवी बसून वाट बघितली. एक थेंब पडला नाही. बोट आत घालून फिरवलं, तर नुसता करपट वास बोटाला लागला.

"बघा!" माझ्या डोक्यावरून आवाज आला. "सांगत होतो ना? तेलच भरलेलं नाही. त्या मिस्त्रीने माझ्या वडिलांना मारायचं तेवढं बाकी ठेवलं."

हे चिरंजीव. पिकअपच्या मालकांचे एकुलते एक. दूरच्या शहरात मोठ्या कामावर असतात, अपघाताची बातमी कळल्यावर आले आणि आल्यापासून दर दहा मिनिटांनी कुणाला तरी फोनवर झापत होते. मी गुडघ्यांना हात लावून उभी राहिले. या वयात खाली बसणं जमतं, उठताना सगळी हाडं हजेरी देतात.

मी विमा कंपनीची सर्व्हेअर. मोडलेली गाडी बघायची, काय मोडलं आणि कशामुळे मोडलं ते लिहायचं, खाली सही करायची. अठ्ठावीस वर्षं हेच करते आहे. माणसांपेक्षा गाड्या बऱ्या, त्या विचारल्याशिवाय बोलत नाहीत.

या गाडीची गोष्ट अशी. मालक बहात्तर वर्षांचे, खिडक्यांच्या काचा बसवण्याचा धंदा केलेले. सगळे त्यांना काचवाले काका म्हणतात. गुरुवारी सकाळी ते एकटेच पिकअप घेऊन निघाले. उताराच्या वळणावर मागची चाकं एकाएकी जाम झाली, गाडी फरफटत कठड्यावर गेली आणि काकांच्या मांडीचं हाड मोडलं. आता ते इस्पितळात होते आणि कुणाशी एक शब्द बोलत नव्हते.

चाकं जाम का झाली, ते पातेल्याने सांगितलंच होतं. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो लोखंडी गोळा असतो, त्यात दातेरी चक्रं असतात. ती दोन-अडीच लिटर जाड तेलात बुडून फिरतात. तेल नसलं की तापतात, तापली की एकमेकांना धरून बसतात.

पण तेल गेलं कुठे? गोळ्याला तडा नव्हता. सील शाबूत होती. बाहेरून ओघळ नाही, आणि बूच तर इतकं घट्ट होतं की काढताना माझा खांदा भरून आला. दाराच्या आत एक कागदी टॅग लटकत होता. त्यावर मिस्त्रीच्या अक्षरात लिहिलेलं: मागच्या एक्सलचं तेल बदललं, ८४,३९८ किलोमीटर. तारीख तीन आठवड्यांपूर्वीची. गाडीचा आकडा आता ८४,४५६ होता.

"अठ्ठावन्न किलोमीटर," चिरंजीव म्हणाले. "तेल बदलून साठ किलोमीटर झाले नाहीत, आणि आत ठणठणाट! जुनं काढलं, नवीन भरायला विसरला. तुम्ही फक्त लिहा बाई. त्याच्या गॅरेजचं लायसन्स मी रद्द करवतो."

"मी लिहायच्या आधी बघते," मी म्हटलं. "जुनी खोड आहे."

तेवढ्यात माझा फोन वाजला. पलीकडून घोगरा, थकलेला आवाज आला.

"सर्व्हेअरबाई ना? मी मिस्त्री बोलतोय, गॅरेजमधून. तुम्ही उगीच त्रास घेऊ नका. तेल भरायचं मीच विसरलो. तसं लिहून टाका."

२

अठ्ठावीस वर्षांत मला कबुलीजबाब द्यायला कुणी फोन केला नव्हता. लोक ब्रेक फेल झाला म्हणतात, समोरून म्हैस आली म्हणतात, गाडी आपोआप चालू झाली म्हणतात. हा प्राणी बघायलाच हवा म्हणून मी तशीच गॅरेजवर गेले.

गॅरेज म्हणजे एक लांबट शेड, एक खड्डा, आणि भिंतीवर मापाप्रमाणे टांगलेले पाने. जमीन पुसलेली. मिस्त्री पन्नाशीचा, रुंद, डोळे लाल. त्याने मला खुर्ची पुसून दिली. कोपऱ्यात आणखी एक लाकडी स्टूल होतं, त्यावर जाड उशी बांधलेली. मी तिकडे वळले, तर तो घाईने म्हणाला, "तिथे नको, इथे बसा."

"विसरलात कसे?"

"तेल काढलं. मग कुणाचा तरी फोन आला. बोलता बोलता राहून गेलं. बूच लावलं, गाडी दिली."

"आणि काका एकतीस किलोमीटर गाडी चालवत घरी गेले. तोच घाट चढून. कोरड्या एक्सलवर. आवाज नाही, वास नाही, काही नाही?"

"नशीब म्हणायचं."

"मग तीन आठवड्यांनी नशीब फिरलं?"

त्याला खोटं बोलता येत नव्हतं, बिचाऱ्याला सवयच नसावी.

मी शेडमधून फेरी मारली. खिडकीपाशी एक गंमत होती. लाकडी खाचांमध्ये बोटभर रुंदीच्या काचेच्या पट्ट्या उभ्या करून ठेवलेल्या, शेकड्याने. प्रत्येक पट्टीवर तेलाचा एक चिकटलेला थेंब आणि खाली आकडे.

"हे काय?"

पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर जरा ऊन पडलं. "माझी पद्धत आहे. पुस्तकात लिहिलेलं असतं, इतक्या हजार किलोमीटरला तेल बदला. पण गाडी काही पुस्तक वाचून चालत नाही. कुणी चढावर ओझं ओढतो, कुणी ओढ्यातून गाडी घालतो. पाणी गेलं तर तेल दुधट होतं, जळलं तर काळं पडतं. म्हणून मी काढलेल्या तेलाचा थेंब काचेवर घेतो आणि उजेडासमोर धरतो. मधासारखं दिसलं, तर अजून चालेल. काळं दिसलं, तर बदला. काचा काकांनीच कापून दिल्यात सगळ्या. धार बघा, कुठे बोट कापणार नाही."

"त्यांच्या गाडीच्या पट्ट्या?"

तो अडखळला. मग एक खाच दाखवली. मी पट्ट्या एकेक करून उजेडात धरल्या. २०,१०० ला काळा थेंब. ४१,३०० ला काळा. ६२,८०० ला आणि ८३,९०० लाही काळे. काचा वाहणाऱ्या गाडीला साधारण एकवीस हजाराला तेल, अगदी शहाणपणाचं काम. मग आणखी पाच पट्ट्या होत्या. ८४,१५०. ८४,२१२. ८४,२७४. ८४,३३६. ८४,३९८. पाचही थेंब मधासारखे सोनेरी. या पाच पट्ट्या गेल्या पाच महिन्यांतल्या.

"चांगलं तेल पाच वेळा बदललंत?"

"गिऱ्हाईक म्हणालं बदला, तर मी बदलतो," तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "झालं ना तुमचं? मी कबूल केलंय. अजून काय पाहिजे?"

मला राग आला. कबुली देणाऱ्याने निदान पटेल अशी तरी द्यावी. मी बाहेर पडले आणि कोपऱ्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात जाऊन सकाळी काढलेल्या फोटोंची मोठी प्रत मागितली. आधी फोटो, मग पाना, हा माझा नियम आहे.

दुकानदार म्हणाला, "बाई, सकाळी एक आणलात, आता एक. रिपोर्टची पानंसुद्धा तुम्ही एकेक करून आणता. सगळं एकदम आणत जा की. किती खेटे घालाल?"

"विसरते मी," मी म्हटलं. "तुमचा गुडघा कसा आहे?"

तो गुडघ्याबद्दल सांगत होता आणि यंत्रातून फोटो बाहेर येत होता. मागच्या एक्सलला दोन बुचं असतात. खालचं तेल काढायचं, वरचं भरायचं. मिस्त्री काम झालं की प्रत्येक बुचावरून गोळ्यापर्यंत पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढतो, म्हणजे बूच फिरलं तर रेघ तुटते आणि लगेच कळतं.

वरच्या बुचाची रेघ सलग होती, पण बुचाचे सगळे कोपरे चावल्यासारखे झिजले होते. खालच्या बुचाची रेघ तुटलेली होती. बुचावरचा तुकडा गोळ्यावरच्या तुकड्यापासून बोटभर बाजूला सरकला होता.

म्हणजे मिस्त्रीने रेघा ओढल्या, त्यानंतर कुणीतरी ते बूच उघडलं होतं.

३

आता प्रश्न सरळ होता. मिस्त्रीने गाडी दिल्यानंतर कुणीतरी तिच्यातलं तेल काढून घेतलं आणि बूच परत लावलं, काकांना कळू न देता. हा अपघात नव्हता. आणि ज्याने हे केलं, त्याला मिस्त्री वाचवत होता.

कुणाला वाचवत होता? मी इस्पितळात गेले.

काका भिंतीकडे तोंड करून पडले होते. पाठ लहानशी, पण हात मोठे, बोटांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या खुणा. मी स्टूल ओढून बसले.

"काका, मी सर्व्हेअर. तुमची गाडी बघितली."

त्यांनी चादर खांद्यापर्यंत ओढली.

"मिस्त्री म्हणतो, चूक त्याची."

पाठ हलली. खांदा जरासा वर आला, पण चेहरा वळला नाही. मी पाच मिनिटं बसले. शेजारच्या खाटांभोवती माणसांची गर्दी होती, डबे, हसणं, कुणाचं तरी नातवंड रडत होतं. काकांच्या कपाटावर पाण्याचा एक तांब्या आणि चष्मा होता.

बाहेर चिरंजीव भेटले. मी विचारलं, "वडिलांचं कुणाशी वैर?"

"बाबांचं? बाबांना ओळखतं कोण! आई गेल्यापासून धंदा बंद आहे. मी दर रविवारी फोन करतो, पण ते बोलतच नाहीत. विचारलं काय चाललंय, तर म्हणतात, गाडीचं तेल बदललं. पुढच्या महिन्यात परत, गाडीचं तेल बदललं." त्यांनी मान हलवली. "त्यांना आता एकटं ठेवण्यात अर्थ नाही. वृद्धाश्रमाचं बघून ठेवलंय मी. गाडी विकायची असं तर मी तेव्हापासून म्हणतोय. पण ते चावी सोडायला तयार नाहीत."

चावी सोडायला तयार नाहीत. मी चिरंजीवांच्या इस्त्रीच्या कॉलरकडे जरा नव्याने बघितलं. गाडी बंद पडावी असं वाटणारा एक माणूस तर समोरच उभा होता.

"अपघाताच्या आधीच्या आठवड्यात तुम्ही इथे होतात?"

"मी आठ महिने आलेलो नाही," ते म्हणाले आणि एकदम आवाज उतरला. "आईच्या वेळी आलो होतो तेवढाच."

हे खरं होतं. असलं खोटं कुणी बोलत नाही, खोटं बोलायचं तर माणूस स्वतःला बरं दाखवतो.

मी काकांच्या घरी निघाले. एकतीस किलोमीटर, घाट, मग सपाट रस्ता, मग एकमेकांकडे पाठ केलेली छोटी घरं. शेजारच्या दारात एक शिंपीणबाई मशीनवर बसल्या होत्या. मी विचारायच्या आधीच त्यांनी मशीन थांबवलं.

"गुरुवारी सकाळी नुसती ठोकाठोकी चालली होती त्यांच्या शेडमध्ये. लोखंडावर लोखंड. मग थांबली. मग ते माझ्या दारात आले. हात तेलाने भरलेले. म्हणाले, घरात कुणी आहे का हो, जरा जोर लावायला? मी म्हटलं, नाही हो, मी एकटीच आहे. म्हणाले, बरं बरं, आणि परत गेले. फोन लावत होते कुणाला तरी, चार वेळा लावला असेल." त्यांनी हातातलं कापड उगाच सरळ केलं. "नंतर गाडी निघाल्याचा आवाज आला. मला वाटलं, झालं वाटतं काम."

मी शेडकडे बघितलं. दार नुसतं लोटलेलं होतं.

४

शेडमध्ये काचा उभ्या ठेवायची रिकामी लाकडी घोडी, हिऱ्याच्या टोकाचं काच कापायचं पेन, भिंतीवर बाईमाणसाचा एक मळलेला एप्रन. काकू काचा पुसून द्यायच्या म्हणे. एप्रनच्या खिशात अजून घडी घातलेलं वर्तमानपत्र होतं.

जमिनीवर पुठ्ठा पसरलेला, त्यावर पाठीचा आणि डोक्याचा दाब स्पष्ट उमटलेला. बाजूला जबडा मागेपुढे होणारा एक जुना पाना. असला पाना बुचाचे कोपरे खातो, म्हणून मिस्त्री त्याला गॅरेजमध्ये शिरू देत नाही. आणि पुठ्ठ्यापलीकडे पांढरं परातीसारखं घमेलं, त्यात तेल. मी काडी बुडवून दाराच्या उजेडात धरली.

स्वच्छ, सोनेरी. मिस्त्रीने भरलेलं तेच तेल, सगळंच्या सगळं. म्हणजे मिस्त्री विसरला नव्हता, आणि तेल कुणी चोरलंही नव्हतं. काकांनीच ते काढलं होतं.

पण मग पुठ्ठ्याशेजारी ती बाटली का होती? दोन लिटरची बाटली, झाकण काढून ठेवलेलं, तोंडाला प्लास्टिकची नळी लावलेली, आत ओतायची जय्यत तयारी. बाटली गळ्यापर्यंत भरलेली होती. वास घेतला, नाकात झिणझिण्या आल्या. जुनं, जळकं, डांबरासारखं काळं तेल. लेबलवर काकांचं अक्षर: ८३,९०० ला काढलेलं. बिजागऱ्यांना.

मी उलट्या ठेवलेल्या बादलीवर बसले. चांगलं तेल काढायचं आणि सडलेलं भरायचं! सत्तरी ओलांडलेला, आयुष्यभर काचेसारखी वस्तू न फोडता वाहिलेला माणूस स्वतःच्या गाडीत विष का घालेल? चिरंजीव म्हणाले असते, बाबांचं डोकं फिरलं. क्षणभर मलाही तेच वाटलं.

मग मी वहीत लिहिलेले आकडे काढले. ८४,१५०. ८४,२१२. ८४,२७४. एकातून दुसरा वजा केला. दुसऱ्यातून तिसरा. तिसऱ्यातून चौथा. उत्तर दर वेळी एकच येत होतं. मी वजाबाकी परत केली, मग वही मिटली. तशीच उठून गॅरेजकडे निघाले.

५

"बासष्ट," मी मिस्त्रीला म्हटलं.

तो खड्ड्यात एका गाडीखाली होता. वर आला, हात पुसले. मी त्या उशीच्या स्टुलावर बसले. या वेळी त्याने अडवलं नाही.

"प्रत्येक दोन पट्ट्यांत बासष्ट किलोमीटर. काकांच्या घरापासून इथपर्यंत एकतीस, परत एकतीस. पाच महिन्यांत ती गाडी दुसरीकडे कुठेही गेली नाही. बाजारात नाही, कुणाकडे नाही. ती फक्त तेल बदलायला बाहेर पडायची. हे स्टूल त्यांचंच ना?"

त्याने मान हलवली. "तेल नीट निथळायला दोन तास लागतात, असं मीच एकदा म्हणालो होतो. गरम असलं तर वीस मिनिटांत होतं. पण ते दोन तास धरून यायचे. मी खाली, ते इथे. काकूंबद्दल सांगायचे. कुठल्या इमारतीच्या कितव्या मजल्यावर कुठली काच बसवली, ते सांगायचे. मी हूं हूं करायचो. शेवटी शेवटी मी जुनंच तेल गाळून परत भरत होतो, नवीन कशाला नासा? त्यांना कळायचं. तेही काही बोलले नाहीत."

"आणि मागच्या वेळी?"

मिस्त्री खाली बसला. "त्या दिवशी तीन गाड्या उभ्या होत्या. गिऱ्हाईकं डोक्यावर. मी पट्टी त्यांच्यासमोर धरली आणि म्हटलं, काका, बघा, मध आहे मध. आता हे काळं पडल्याशिवाय गाडी आणायची नाही. हसतच म्हणालो मी. ते पण हसले. म्हणाले, बरं, काळं पडल्यावर येतो."

"ते तुमच्या शब्दाला जागले," मी म्हटलं. "गाडी चालवून तेल काळं करायचं, तर वीस हजार किलोमीटर हवेत. जायचं कुणाकडे? तीन आठवडे त्यांनी कळ काढली. मग शेडमधली काळ्या तेलाची बाटली आठवली. चांगलं काढायचं, काळं भरायचं, आणि यायचं. तुम्ही पट्टीवर थेंब घेणार, तो काळा निघणार, मग तुम्हाला नाही म्हणता येणार नव्हतं."

त्याने तोंडावर हात ठेवला.

"पण एक गोष्ट त्यांना या स्टुलावरून कधी दिसली नव्हती. तुम्ही आधी कुठलं बूच सैल करता?"

"वरचं," तो पुटपुटला. "भरायचं. ते उघडतंय याची खात्री झाल्याशिवाय खालचं काढायचं नाही. पहिल्या दिवशी शिकवतात हे."

"काकांनी खालचं आधी काढलं. सगळं तेल घमेल्यात आलं. मग वरच्याला पाना लावला, तर ते हलेना. कोपरे झिजले, रेघ तशीच राहिली. आत तेल जायला दुसरी वाट नाही. जोर लावायला दुसरं माणूस हवं होतं. शेजारी विचारलं, तिथे कुणी नव्हतं. म्हणून खालचं बूच परत आवळलं आणि कोरडी गाडी तुमच्याकडे आणायला निघाले. हळू गेलो तर पोचू, असं वाटलं असेल. सत्तावीस किलोमीटर पोचले. चार राहिले."

मिस्त्रीने खिशातून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. गुरुवारची सकाळ. काचवाले काका, काचवाले काका, काचवाले काका, काचवाले काका. चारही लाल.

"मी नाव बघितलं बाई. चारही वेळा बघितलं. काकांचा फोन म्हणजे अर्धा तास, म्हणून उलटा करून ठेवला. उचलला असता, तर म्हटलं असतं, हलू नका, मी येतो. पाना घेऊन गेलो असतो, पाच मिनिटांचं काम होतं." त्याने फोन परत खिशात टाकला. "तेल नाही म्हणून त्या मुलाने फोनवर झापलं, तेव्हाच ओळखलं मी, काकांनीच काढलं असणार. चूक माझीच आहे. मी खोटं काय सांगितलं? आणि तुम्ही खरं लिहिलंत, तर तो मुलगा म्हणेल म्हाताऱ्याला वेड लागलं. चावी काढून घेईल आणि नेऊन टाकेल कुठेतरी. त्यापेक्षा माझं लायसन्स जाऊ दे."

मी वही उघडून बसले होते. खरं लिहिलं तर काकांचं घर जात होतं, खोटं लिहिलं तर या माणसाचं गॅरेज. आणि माझ्या सहीखाली अठ्ठावीस वर्षांत खोटं वाक्य गेलं नव्हतं.

६

मी खरं लिहिलं. सगळं. कारण या रस्त्यावर अर्ध्यात थांबायला जागा नव्हती.

पण चिरंजीवांना रिपोर्ट देण्याआधी मी त्या पाच पट्ट्या दिल्या. इस्पितळाच्या खिडकीपाशी उभं करून एकेक उजेडात धरायला लावली, आकडे वाचायला लावले, वजाबाकी करायला लावली. हुशार माणूस. दुसऱ्या वजाबाकीनंतर फोन वाजला, तो त्यांनी न बघता बंद केला.

"म्हणजे ते मला दर रविवारी सांगत होते," ते म्हणाले. "तेल बदललं. महिन्यात तेवढंच घडायचं त्यांच्याकडे. मला वाटायचं, भ्रमिष्ट झालेत."

"डोकं तुमच्यामाझ्यापेक्षा ठणठणीत आहे. एवढा बेत मला नसता सुचला."

ते आत गेले. खाटेच्या भिंतीकडच्या बाजूला जागा नव्हती, तरी पाय आखडून तिथेच बसले. मी दारातून बघितलं आणि निघाले. मला आतलं ऐकायचं नव्हतं. थोडं ऐकू आलं. काका म्हणत होते, "मिस्त्रीला काही करू नका रे. बूच मी उलटं काढलं."

लायसन्सला हात लागला नाही. वृद्धाश्रमाचंही नाव निघालं नाही, निदान अजून तरी.

अडीच महिन्यांनी एका गुरुवारी मी काकांच्या घरी गेले. रिपोर्टवर त्यांच्या दोन सह्या राहिल्या होत्या. शेडचं दार सताड उघडं होतं. पिकअप ठोकळ्यांवर चढवलेली, मागचा एक्सल सुटा होऊन पुठ्ठ्यावर मांडलेला. मिस्त्री खाली बसून एक दातेरी चक्र पुसत होता. त्याच्या गॅरेजमधलं उशीचं स्टूल इथे आलं होतं, त्यावर काका, शेजारी त्यांची काठी. ते बोलत होते. सातव्या मजल्यावरची कुठलीशी गोल खिडकी होती आणि त्या दिवशी वारा होता म्हणे. दारापाशी शिंपीणबाई कापड शिवायचं सोडून ऐकत उभ्या होत्या.

"दर गुरुवारी गॅरेज बंद ठेवून येतो," मिस्त्रीने मला हळूच सांगितलं. "एकतीस किलोमीटर म्हणजे काही लांब नाही."

"एक्सल जोडायला दोन दिवस लागतात. अडीच महिने झाले."

"चालू आहे काम," तो म्हणाला आणि तेच चक्र परत पुसायला घेतलं. तीन वेळा तरी पुसलेलं असावं, त्यात मला माझा चेहरा दिसत होता.

मी काकांसमोर कागद धरला. त्यांनी चष्मा लावला, सावकाश सही केली, पान उलटून बघितलं.

"दोन सह्या म्हणाला होतात. दुसरं पान?"

दुसरं पान माझ्या पिशवीत होतं. पिशवी माझ्या मांडीवर होती. मला कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला आठवला, त्याचा गुडघा आठवला. अठ्ठावीस वर्षं एकेक पान घेऊन घातलेले खेटे आठवले. मी काही विसरत नाही. मला तर नऊ वर्षांपूर्वीच्या गाड्यांचे नंबर पाठ आहेत.

"अगं बाई," मी म्हटलं, "ते घरीच राहिलं. पुढच्या गुरुवारी आणते."

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मग पिशवीकडे. काचेचं काम केलेल्या माणसाला आरपार बघायची सवय असते.

"आणा की सावकाश," ते म्हणाले आणि मिस्त्रीकडे वळले. "अरे, बाईंना बसायला काहीतरी दे."